१२ नोव्हेंबर २०१९ : एका जन्मतारखेची पहिली

पहिलीचे प्रवेश आणि बदलीचे दाखले हे काम करणाऱ्याला जानेवारी ते जून एकच वाद ऐकावा लागतो. फिनलंडमध्ये सातव्या वर्षी शाळा, इंग्लंडमध्ये चौथ्या, आपल्याकडे सहाव्या. मग आमच्या मुलाला कधी घालायचं? प्रश्न रास्त आहे, पण हे तीन आकडे तीन वेगवेगळ्या पट्ट्यांनी मोजलेले आहेत. फिनलंडचं सात म्हणजे त्या कॅलेंडर वर्षात कधीतरी सात पूर्ण होणार. इंग्लंडचं चार म्हणजे सप्टेंबर उजाडायच्या आत चार झालेले. महाराष्ट्राचं सहा म्हणजे जूनमध्ये शाळा सुरू होऊनही गेली, सहा पूर्ण होतील डिसेंबरअखेर. हे आकडे एका खाली एक लिहून वजाबाकी करणं म्हणजे मीटर, फूट आणि वीत यांची बेरीज करण्यासारखं आहे.

आम्ही म्हणून कागदावर इयत्ता लिहीतच नाही. जन्मतारीख लिहायची आणि ती प्रत्येक ठिकाणच्या नियमातून काढायची. उदाहरणाला १२ नोव्हेंबर २०१९ घेऊ. तारीख मुद्दाम वर्षअखेरची घेतली आहे, कारण घोळ तिथेच होतो. मार्च-एप्रिलचं मूल बऱ्याच ठिकाणी बिनबोभाट बसतं.

महाराष्ट्रात सप्टेंबर २०२० च्या शासन निर्णयाने मानीव दिनांक, म्हणजे वय मोजायची तारीख, ३१ डिसेंबर झाला. त्याआधी तो ३० सप्टेंबर होता. आपलं मूल ३१ डिसेंबर २०२५ च्या आत सहा पूर्ण करतं, म्हणजे जून २०२५ ला पहिलीत. बाकावर बसताना वय ५ वर्षं ७ महिने. ३१ डिसेंबरला जन्मलेलं मूल तर साडेपाच वर्षांचंच असतं. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, २५ टक्के राखीव प्रवेशात वरची मर्यादा ७ वर्षं ५ महिने ३० दिवस आहे, तीही ३१ डिसेंबरलाच मोजलेली. म्हणजे एकाच बाकावर दीड वर्षाचा फरक असलेली दोन मुलं कायदेशीररीत्या बसू शकतात. वर्गशिक्षिकेला हा फरक पहिल्या आठवड्यात कळतो: एकाला चपलेचा पट्टा लावता येत नाही आणि शेजारचा बारा खडूंची वाटणी करून मोकळा झालेला असतो.

हेच मूल केंद्रीय विद्यालयात घालायचं म्हटलं की वर्ष बदलतं. तिथे २०२२-२३ पासून पहिलीचं किमान वय पाचवरून सहावर गेलं आणि मोजणी ३१ मार्चला होते. पालक कोर्टात गेले. दिल्ली उच्च न्यायालयात आणि पुढे सर्वोच्च न्यायालयातही एप्रिल २०२२ मध्ये नियम टिकला. तेव्हा आपलं मूल तिथे एप्रिल २०२६ ला पहिलीत. वडिलांची बदलीची नोकरी असेल तर पुण्यातल्या शाळेत पहिली पूर्ण करून आलेलं हे मूल केंद्रीय विद्यालयात पुन्हा पहिलीच्याच वयाचं ठरतं. बेळगावकडच्या मराठी घरांत कर्नाटकचा नियम लागतो: १ जूनला सहा पूर्ण. मात्र २०२५-२६ या एकाच वर्षासाठी ५ वर्षं ५ महिन्यांपर्यंत सवलत मिळाली. आपलं मूल १ जून २०२५ ला साडेपाच वर्षांच्या थोडं पुढे होतं, म्हणजे सवलतीत बसलं. तीच तारीख एका वर्षाने पुढची असती तर बसलं नसतं.

मानीव दिनांक हे प्रकरण नवीन असलं तरी वयाचा प्रश्न जुनाच. खेड्यात जन्मनोंद नसायची, तेव्हा गुरुजी मुलाला उजवा हात डोक्यावरून नेऊन डाव्या कानाला लावायला सांगायचे. कान हाताला लागला की पहिलीत, नाही लागला की पुढच्या वर्षी या. आणि तारीख लिहायची वेळ आली की १ जून. महाराष्ट्रात १ जूनला वाढदिवस असणाऱ्या आजोबांची फौज आहे ती त्यामुळेच. गंमत म्हणजे कानाची हीच परीक्षा जर्मनीतही होती, 'फिलिपिनरमास' या नावाने. त्यामागे शरीराचं गणित आहे: सहा-सातच्या सुमाराला डोक्याच्या मानाने हात लांब होतात. शरीराची वाढ त्यातून कळते, अक्षरओळखीची तयारी नाही.

आता इंग्लंड, कारण सर्वाधिक चुका इथेच होतात. तिथे शैक्षणिक वर्षाचा गट १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट. चौथा वाढदिवस झाल्यावर येणाऱ्या सप्टेंबरमध्ये रिसेप्शन, म्हणजे शाळेचा पहिला वर्ग. आपलं मूल नोव्हेंबर २०२३ ला चार वर्षांचं झालं, म्हणून सप्टेंबर २०२४ ला रिसेप्शन आणि सप्टेंबर २०२५ ला इयर वन. सक्तीचं वय वेगळं: पाचवा वाढदिवस झाल्यानंतरच्या सत्रापासून, आणि त्यासाठी ३१ ऑगस्ट, ३१ डिसेंबर, ३१ मार्च या तीन तारखा ठरलेल्या. आपल्या मुलाला जानेवारी २०२५ पासून शाळेत असणं बंधनकारक. चार हे प्रवेशाचं वय आणि पाच हे कायद्याचं; दोन्ही आकडे बरोबर असल्यामुळे लोक दोन्ही सांगत सुटतात. पाचचा आकडा १८७० च्या शिक्षण कायद्यापासून चालत आला आहे. त्या कायद्याने स्थानिक मंडळांना ५ ते १३ वयाच्या मुलांना हजेरी सक्तीची करण्याचा अधिकार दिला होता.

आता खरी गोम पाहा. महाराष्ट्रात २०२५-२६ च्या पहिलीतली मुलं साधारण जानेवारी ते डिसेंबर २०१९ ची. तोच वर्ग उचलून इंग्लंडला नेला तर तो मधोमध फाटतो. सप्टेंबर ते डिसेंबर २०१९ ची मुलं इयर वनमध्ये, आणि जानेवारी ते ऑगस्ट २०१९ ची इयर टूमध्ये. आपलं नोव्हेंबरचं मूल आकड्याने जुळतं, पहिली ते इयर वन. पण त्याच बाकावरचं मार्चचं मूल एकदम 'दुसरी'त जातं, जिथल्या मुलांची दोन वर्षं शाळा झालेली असते. पालकांना वाटतं शाळेने कृपा करून एक इयत्ता वर चढवलं. कृपा वगैरे काही नसते, तिथे जन्मतारखेने वर्ग ठरतो. मूल मागे पडतंय म्हणून खाली बसवा असा अर्ज केला तर तो क्वचितच मान्य होतो. अपवाद एक: १ एप्रिल ते ३१ ऑगस्टमध्ये जन्मलेल्या मुलांचे पालक वर्षभर उशिरा रिसेप्शन मागू शकतात. पण ती मागणी आहे, हक्क नाही. प्रवेश देणारी संस्था मुलाचं हित पाहून ठरवते.

अर्जाची वेळापत्रकंही तिथे कडक. सप्टेंबरच्या रिसेप्शनसाठी अर्जाची शेवटची तारीख १५ जानेवारी, निकाल १६ एप्रिलला. अर्ज शाळेकडे नसतो, आपल्या पत्त्याच्या कौन्सिलकडे, म्हणजे तिथल्या महापालिकेकडे असतो. पुण्याहून मे महिन्यात बदली झालेलं कुटुंब या दोन्ही तारखा ओलांडून पोचतं आणि वर्षाच्या मधल्या प्रवेशाच्या रांगेत लागतं. भाड्याचं घर शाळा बघून घेतलं तरी त्या शाळेत जागा असेलच असं नाही, कारण रिसेप्शन, इयर वन आणि इयर टू या तीन वर्गांत शिक्षकामागे ३० मुलांची कायदेशीर मर्यादा आहे. एकतिसावं मूल दोन किलोमीटर लांबच्या शाळेत जातं. घराचा भाडेकरार हातात नसताना कौन्सिलला फोन करून उपयोग नाही, एवढं आम्ही प्रत्येकाला सांगतो. तरी फोन होतोच.

स्कॉटलंड हा वेगळा कारभार. तिथे गट मार्च ते फेब्रुवारी आणि शाळा ऑगस्टमध्ये. आपलं मूल ऑगस्ट २०२४ ला प्रायमरी वनमध्ये, म्हणजे तिथल्या पहिल्या वर्गात जाऊ शकत होतं, वय ४ वर्षं ९ महिने. पण शाळा सुरू होताना पाच पूर्ण नसलेल्या प्रत्येक मुलाला एक वर्ष थांबता येतं, आणि ऑगस्ट २०२३ पासून त्या जादा वर्षाची बालवाडी सरकारी खर्चाने मिळते. म्हणून लंडनच्या मित्राने सांगितलेलं एडिनबरोला लागू पडत नाही.

जर्मनीत जाणाऱ्यांची संख्या वाढली आहे, म्हणून तिथली वाट जरा सविस्तर. वय सहा, पण तारीख राज्यागणिक ३० जून ते ३० सप्टेंबर यांच्यामध्ये कुठेतरी. नॉर्थ राइन-वेस्टफालियात ३० सप्टेंबर. आपलं मूल तिथे नोव्हेंबर २०२५ ला सहा होतं, म्हणजे तारीख चुकली. सक्तीची पहिली २०२६ च्या उन्हाळी सुट्टीनंतर, पावणेसातव्या वर्षी. हवं तर २०२५ ला लवकर प्रवेश मागता येतो. अशा मुलाला 'कान-किंड' म्हणतात आणि तारखेत बसणाऱ्याला 'मुस-किंड', म्हणजे जाऊ शकणारं आणि जावंच लागणारं. बायर्न (बव्हेरिया) राज्यात जुलै ते सप्टेंबरच्या दरम्यान सहा होणाऱ्या मुलांच्या पालकांना २०१९ पासून स्वतः ठरवण्याची मुभा आहे.

नोंदणी कित्येक महिने आधी. नॉर्थ राइन-वेस्टफालियात आदल्या वर्षीच्या १५ नोव्हेंबरपर्यंत, बायर्नमध्ये मार्चमध्ये. मग आरोग्य खात्याची शाळापूर्व तपासणी. डोळे, कान, उंची-वजन हे आपल्याकडेही होतं. तिथे मूल एका पायावर उड्या मारतं का, चौकोन-त्रिकोण बघून काढतं का, ठिपके न मोजता नजरेने ओळखतं का, वाक्य पुन्हा म्हणतं का, हेही बघतात. पेन्सिल मुठीत धरली तर डॉक्टर टिपून ठेवतात. ही उत्तीर्ण-अनुत्तीर्णची परीक्षा नसते, पण जर्मन येत नसलेल्या मुलाला वाक्य पुन्हा म्हणायच्या भागात कमी दिसणारच. त्याचा अर्थ भाषा असा लावायचा की वाढ, हे डॉक्टरांना कळावं म्हणून मूल घरी मराठी बोलतं हे आधीच सांगायचं. गोवराच्या दोन लशींचा पुरावा मार्च २०२० पासून कायद्याने लागतो. आपल्या सरकारी कार्डावर ९ महिन्यांनंतर आणि १६ ते २४ महिन्यांत गोवर-रुबेलाच्या दोन नोंदी असतात, त्या चालतात. फक्त तारीख पुसट आणि शिक्का नसलेलं कार्ड चालत नाही. निघण्याआधी आरोग्य केंद्रातून इंग्रजीत उतारा घ्यावा.

शाळेचा पहिला दिवस तिथे लग्नाएवढा असतो. मुलाच्या हातात त्याच्या कमरेपर्यंत येणारा पुठ्ठ्याचा कोन, त्यात खाऊ, रंगीत पेन्सिली. हे शाळा देत नाही, घरून आणायचं असतं. न सांगितल्यामुळे रिकाम्या हाताने उभं राहिलेलं मूल फार कानकोंडं होतं.

फिनलंडकडे येऊ, ज्याचं नाव सगळ्यात आधी निघतं. तिथे ज्या वर्षी सात होणार त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये शाळा: आपलं मूल ऑगस्ट २०२६. जन्माचा गट जानेवारी ते डिसेंबर, अगदी महाराष्ट्रासारखा, फक्त एक वर्ष पुढे. आणि ते एक वर्ष घरी बसून जात नाही. सहाव्या वर्षाचं पूर्वप्राथमिक २०१५ पासून सक्तीचं आहे, साधारण ७०० तासांचं. 'सातव्या वर्षापर्यंत फिनलंडची मुलं नुसती खेळतात' हे वाक्य म्हणूनच अर्धवट. दुसरी गोष्ट लिपीची. फिनिश जसं लिहितात तसं वाचतात. युरोपातल्या भाषांची तुलना करणाऱ्या २००३ च्या एका अभ्यासात पहिल्या इयत्तेअखेर फिनिश मुलं ९८ टक्के शब्द बरोबर वाचत होती आणि इंग्रजीत शिकणारी स्कॉटिश मुलं ३४ टक्के. दोन वर्षं आधी सुरू करूनही. इथे वयापेक्षा वर्णलेखनाचा वाटा मोठा आहे. आपली देवनागरी त्या बाबतीत फिनिशच्या जवळची, जोडाक्षरं आणि ऱ्हस्व-दीर्घ सोडले तर. मराठी माध्यमाच्या मुलाला इंग्लंडचं वेळापत्रक लावायची घाई करणाऱ्यांनी हा आकडा बघावा.

सिंगापूरही सात म्हणतं, पण शाळा जानेवारीत. आपलं मूल जानेवारी २०२६ ला प्रायमरी वनमध्ये, वय ६ वर्षं २ महिने. म्हणजे 'सहा'वाल्या महाराष्ट्रापेक्षा 'सात'वालं सिंगापूर फक्त सात महिने उशिरा. जपानमध्ये एप्रिल २०२६. गट २ एप्रिल ते पुढच्या १ एप्रिलचा. १ एप्रिलचं मूल मोठ्यांच्या गटात का, तर त्यांच्या कायद्यात वय वाढदिवसाच्या आदल्या दिवशी पूर्ण होतं. केंद्रीय विद्यालयाच्या नियमातही १ एप्रिलला जन्मलेल्यांना घ्या अशी ओळ असते, त्यामुळे तिथली आणि जपानची पहिली जवळजवळ तंतोतंत जुळते. नेदरलँडमध्ये तर मूल चार वर्षांचं झालं की वर्षाच्या मध्येच दप्तर घेऊन जातं. वाचन-लेखन खऱ्या अर्थाने ग्रुप तीनपासून, म्हणजे तिथल्या तिसऱ्या वर्गापासून. ऑक्टोबर ते डिसेंबरच्या मुलांना तिथे शरदातली मुलं म्हणतात आणि त्यांना ग्रुप तीनमध्ये कधी न्यायचं हे शाळा मूल पाहून ठरवते. आपलं मूल त्यातलंच.

अमेरिका हा एक देश धरू नका. न्यूयॉर्क शहरात कॅलेंडर वर्ष चालतं: किंडरगार्टन सप्टेंबर २०२४, फर्स्ट ग्रेड सप्टेंबर २०२५, महाराष्ट्राशी जुळणारं. कॅलिफोर्नियात १ सप्टेंबरला पाच पूर्ण लागतात: किंडरगार्टन २०२५, फर्स्ट ग्रेड २०२६. पुण्यात पहिली करत असलेलं मूल सॅन होजेला गेलं की केजीत. आई-वडिलांना धक्का बसतो, 'केजी झालंय हो त्याचं' म्हणतात. तिथलं किंडरगार्टन हे आपलं सीनियर केजी नाही, प्राथमिक शाळेच्या इमारतीतला पहिला वर्ग आहे. कॅनडात ओंटारियो न्यूयॉर्कसारखंच. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समध्ये पहिल्या वर्षाचंच नाव किंडरगार्टन, तारीख ३१ जुलै; व्हिक्टोरियात प्रेप, तारीख ३० एप्रिल. दोन्हीकडे शाळा जानेवारीअखेरीस. आपलं मूल २०२५ ला तिथे गेलं असतं आणि २०२६ ला इयर वन. महाराष्ट्रातली पहिली अर्धी सोडून दिवाळीनंतर गेलेल्यांना जानेवारीत इयर वनची सुरुवात मिळते, म्हणून ऑस्ट्रेलियाची बदली त्यातल्या त्यात सोपी.

कॅलिफोर्नियाच्या लशींचा एक खड्डा सांगायलाच हवा. शाळेला कांजिण्यांच्या दोन मात्रा आणि एमएमआरच्या, म्हणजे गोवर, गालगुंड आणि रुबेलाच्या एकत्र लशीच्या, दोन मात्रा लागतात. आपल्या सरकारी कार्यक्रमात कांजिण्यांची लस नाही, आणि गोवर-रुबेलाच्या लशीत गालगुंड नाही. खासगी बालरोगतज्ज्ञांकडे जाणाऱ्यांच्या फाइलमध्ये बहुधा दोन्ही असतात, सरकारी केंद्रात लस घेतलेल्यांकडे नसतात. दोन मात्रांमध्ये अंतर ठेवावं लागतं, म्हणून तिकीट काढायच्या दिवशीच कार्ड उघडा.

लवकर घालावं की थांबावं, यावर मत विचाराल तर वर्षअखेरच्या मुलासाठी आमचं झुकतं माप थांबण्याकडे. अमेरिकेत १ सप्टेंबरची तारीख असलेल्या राज्यांतली मुलं घेऊन २०१८ मध्ये एक अभ्यास झाला. ऑगस्टमध्ये जन्मलेल्या, म्हणजे वर्गातल्या सर्वात लहान मुलांत चंचलतेच्या विकाराचं (एडीएचडी) निदान दर १०,००० मागे ८५ होतं. सप्टेंबरच्या, म्हणजे सर्वात मोठ्या मुलांत ६४. तो विकार महिना बघून होत नाही. लहान मुलाचं लहानपण आजार म्हणून नोंदलं गेलं, हा त्याचा सरळ अर्थ. महाराष्ट्रात नोव्हेंबर-डिसेंबरच्या मुलाबद्दल 'एका जागी बसत नाही' हा शेरा आला की आधी जन्मतारीख बघावी. सरकारंही एका आकड्यावर ठरत नाहीत: नॉर्वेने १९९७ मध्ये सातवरून सहावर आणलं, पोलंडने २०१४ पासून सहा केलं आणि २०१६ मध्ये परत सात.

कागदांत सगळ्यात महत्त्वाची नोंद जनरल रजिस्टरची, म्हणजे शाळेच्या प्रवेशाच्या मूळ वहीतली. जन्मतारीख अंकात आणि अक्षरात, जन्मदाखल्याशी आणि पासपोर्टशी अक्षरशः जुळणारी. वयात बसावं म्हणून कुणी महिनाभर इकडेतिकडे केलं असेल तर ते शाळा सोडायच्या आत निस्तरा. शाळा सोडल्याचा दाखला हातात पडल्यावर दुरुस्तीला शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीची वारी घडते, आणि तीही फळेलच असं नाही.

परतीचा प्रवास जास्त कटकटीचा. मार्च २०१९ चं मूल इंग्लंडमध्ये जुलै २०२६ ला इयर टू संपवून येतं. पालक म्हणतात दुसरी झाली, तिसरीत घ्या. जन्मतारखेने ते २०२६-२७ च्या दुसरीचं आहे, आणि तिथलं सत्र जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात संपत असल्यामुळे आपल्या दुसरीचे पहिले पाच आठवडे आधीच गेलेले असतात. दुसरीतच बसवावं. मूल इंग्रजी गोष्टीचं पुस्तक घडाघडा वाचतं, दोन, पाच, दहाचे पाढे त्याला येतात. काना, मात्रा, वेलांटी मात्र शून्यापासून, आणि २०२० च्या कायद्याने मराठी कुठल्याही माध्यमात टळत नाही. लिपी तीन-चार महिन्यांत बसते. अडतं ते संख्यावाचनात. 'एकोणपन्नास' म्हटलं की असं मूल ५९ लिहितं, कारण कानावर पन्नास पडलेलं असतं आणि 'एकोण' म्हणजे एक कमी हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. 'बावीस'मध्ये दोन आधी ऐकू येतात, म्हणून आधी २ लिहून मग पुढची जागा शोधतं. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'वीस दोन' असं वाचन सुचवलं होतं तेव्हा केवढा गदारोळ झाला. या मुलांना मात्र पहिला महिना तेच 'वीस दोन' शेजारी लिहून द्यावं. जर्मनीहून परतलेल्या मुलाला ते लागत नाही. तिथेही बावीस म्हणताना दोन आधी आणि वीस नंतर येतात, त्यामुळे त्याचा गोंधळ फक्त 'एकोण'पुरता उरतो.